बारा हजार लोक, एक रस्ता आणि नेमलेले नऊ जण

न्यूयॉर्कच्या ऐन मध्यात, मॅनहॅटन आणि क्वीन्सच्या मधून वाहणाऱ्या ईस्ट रिव्हरमध्ये, सुमारे दोन मैल लांबीचं एक चिंचोळं बेट आहे. नाव रुझवेल्ट आयलंड. जास्तीत जास्त रुंदी आठशे फूट, क्षेत्रफळ दीडशे एकरांहून थोडं कमी, वस्ती सुमारे बारा हजार. इथल्या मतदाराला देशाचा अध्यक्ष निवडता येतो, राज्याचा गव्हर्नर निवडता येतो, शहराचा महापौर आणि नगरसेवकही निवडता येतो. पण घरासमोरच्या रस्त्यावर बस किती वाजेपर्यंत धावावी, नदीकाठच्या कठड्यांवर यंदा किती पैसे खर्च व्हावेत, मेन स्ट्रीटवरची दुकानं कुणाकडे भाडेकरारानं सोपवावीत, हे ठरवणाऱ्या नऊ जणांपैकी एकालाही तो मत देऊ शकत नाही. मी या बेटावर राहते. इथल्या सोयींबद्दल माझी फारशी तक्रार नाही, आणि म्हणूनच हा मुद्दा मांडायला हवा असं मला वाटतं. सोयी वाईट असल्या की लोक हक्क मागतात. त्या चांगल्या असल्या की हक्क नाही हेच विसरलं जातं.

काही वर्षांपूर्वी माझी आत्या वाशीहून आली होती. तिकडे तिच्या सेक्टरमधल्या पाण्यापासून बागेपर्यंत प्रत्येक गोष्टीत तिचं लक्ष असतं. संध्याकाळी आम्ही नदीकाठानं चालत होतो. एका बाजूला मॅनहॅटनच्या इमारती, दुसरीकडे क्वीन्सच्या वीजकेंद्राची धुरांडी. स्वच्छ रस्ता, वेळेवर येणारी लाल बस आणि तिच्यातली मोफत सवारी पाहून ती म्हणाली, "तुमचा नगरसेवक बरा दिसतोय गं!" मी सांगितलं की नगरसेवक आहे, पण हा रस्ता, ही बस, ही झाडं त्याच्या हातात नाहीत. "मग कुणाच्या?" "एका कॉर्पोरेशनच्या." "म्हणजे महापालिकाच ना?" इथे मात्र मला थांबून नीट समजावून सांगावं लागलं.

त्या कॉर्पोरेशनचं पूर्ण नाव रुझवेल्ट आयलंड ऑपरेटिंग कॉर्पोरेशन. आद्याक्षरं जुळवून इथले लोक तिला रिऑक म्हणतात. न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळानं १९८४ साली कायदा करून ती निर्माण केली. संचालक मंडळ नऊ जणांचं. राज्याच्या गृहनिर्माण खात्याचे आयुक्त त्याचे अध्यक्ष, आणि अर्थसंकल्प संचालकांची एक जागा. उरलेल्या सात जागांवर गव्हर्नर नेमणुका करतात, राज्याची सिनेट त्यांना संमती देते, आणि काही नावं शहराचे महापौर सुचवतात. कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीमुळे यातल्या बहुसंख्य जागा बेटावरच्या रहिवाशांसाठी आहेत. तरीही नेमणूक ती नेमणूकच. दीडशे मैलांवरच्या ऑल्बनीत, राज्याच्या राजधानीत, बसलेल्या माणसाच्या सहीनं आलेला संचालक माझ्या शेजारच्या मजल्यावर राहत असला, तरी पुढची सही कुणाची हवी आहे हे त्याला ठाऊक असतं. नवी नेमणूक वेळेवर झाली नाही तर मुदत संपलेले सदस्य तसेच बसून राहतात, किंवा खुर्च्या रिकाम्या राहतात. दोन्ही प्रकार इथे पुन्हा पुन्हा झाले आहेत.

ही व्यवस्था कुणी लोकशाहीच्या वैरातून उभी केली नव्हती. बेटाचा इतिहास पाहिला की ती कशी आली ते कळतं. १८२८ साली न्यूयॉर्क शहरानं हे बेट ब्लॅकवेल घराण्याकडून ३२ हजार डॉलरला विकत घेतलं आणि शहराला डोळ्यांसमोर नको असलेली माणसं इथे आणून ठेवायला सुरुवात केली. आधी तुरुंग, मग वेड्यांचं इस्पितळ, मग देवीच्या रोग्यांसाठी इस्पितळ, अनाथ-निराधारांसाठी घरं. १८८७ साली नेली ब्लाय ही तरुण पत्रकार वेडाचं सोंग घेऊन दहा दिवस इथल्या स्त्रियांच्या इस्पितळात राहिली आणि तिथले हाल तिनं वर्तमानपत्रातून जगापुढे आणले. १९२१ मध्ये बेटाचं नाव बदलून वेल्फेअर आयलंड झालं. तुरुंग पुढे रायकर्स बेटावर गेला, दीर्घकालीन आजाऱ्यांची गोल्डवॉटर आणि कोलर ही दोन मोठी इस्पितळं तेवढी राहिली, बाकी जागा ओस पडली. थोडक्यात, दीडशे वर्षं या बेटावर जे राहिले त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, कारण ते कैदी किंवा रुग्ण होते.

१९६९ साली शहरानं हे बेट ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं राज्याच्या नगरविकास महामंडळाला दिलं. ते महामंडळ १९६८ मध्ये गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या पुढाकारानं स्थापन झालं होतं. गरीब आणि मध्यमवर्गीयांसाठी घरं लवकर बांधता यावीत म्हणून स्थानिक बांधकाम नियम ओलांडण्याचे अधिकारही त्याला दिले होते. त्याचे प्रमुख एड लोग यांच्या डोक्यात एक खरोखर सुंदर कल्पना होती: शहराच्या पोटात एक नवं गाव, जिथे वेगवेगळ्या उत्पन्नाची, वेगवेगळ्या वर्णांची कुटुंबं, म्हातारी माणसं, व्हीलचेअरवरची माणसं एकाच रस्त्यावर राहतील आणि मोटारी गावाबाहेर ठेवल्या जातील. फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी यांनी वीस हजार वस्तीचा आराखडा काढला. १९७३ मध्ये बेटाला फ्रँकलिन रुझवेल्ट यांचं नाव मिळालं, १९७५ मध्ये पहिले रहिवासी आले. त्याच वर्षी ते महामंडळ देणी भागवू शकलं नाही आणि बांधकामाचा वेग मंदावला. गाव अर्धं बांधून झालं, पण चालवायचं कुणी? राज्यानं स्वतःच चालवलं, आणि १९८४ मध्ये त्यासाठी वेगळं कॉर्पोरेशन काढलं. बांधणाऱ्याच्या हातात कारभार राहिला, तो आजपर्यंत.

त्या कल्पनेतलं बरंच काही उतरलं, हे कबूल करायलाच हवं. इथला कचरा कसा जातो ते पाहिलं की बाहेरचा माणूस चकित होतो. आमच्या मजल्यावर भिंतीत एक झडप आहे. पिशवी बांधून आत टाकायची. ती खाली जाऊन थांबते, आणि ठरावीक वेळी जमिनीखालच्या वीस इंची नळांतून हवेच्या जोरावर ओढली जाते, ताशी साठ मैलांच्या आसपास वेगानं. बेटाच्या उत्तरेकडच्या केंद्रावर सगळा कचरा दाबून बंद डब्यांत भरला जातो आणि शहराच्या गाड्या तो घेऊन जातात. ही स्वीडिश पद्धत १९७५ पासून चालू आहे. उन्हाळ्यात मॅनहॅटनच्या फुटपाथवर काळ्या पिशव्यांचे ढीग साचतात, त्यांना वास सुटतो, उंदीर फिरतात. आमच्या मेन स्ट्रीटवर हे दृश्य दिसत नाही. कधी कुणी खिडकीची जाळी किंवा जुनी छत्री टाकली की नळ तुंबतो, दुरुस्तीची माणसं येतात, तळघरात पिशव्या साठतात, आणि मग प्रत्येक इमारतीच्या लिफ्टमध्ये सूचना लागते की मोठ्या वस्तू टाकू नका. सुक्या कचऱ्यासाठी मात्र ही यंत्रणा नाही, तो वेगळाच द्यावा लागतो.

आता प्रश्न असा येतो: पन्नास वर्षं जुने नळ बदलायचे की आणखी डागडुजी करायची? त्यासाठी बसच्या फेऱ्या कमी करायच्या की दुसरीकडून पैसे आणायचे? सुक्या कचऱ्याचं काय करायचं? नळ किती वर्षं टिकेल हे इंजिनिअर सांगेल. पण कोणता खर्च आधी आणि कोणता मागाहून, हे ठरवायला इंजिनिअर लागत नाही. तिथे राहणाऱ्यानं आपली बाजू मांडायची, शेजाऱ्याची ऐकायची आणि मत द्यायचं, एवढंच लागतं. या खर्चाचा पैसा येतो तरी कुठून? रिऑकचं उत्पन्न मुख्यतः इमारतींच्या जमीनभाड्यातून, ट्रामच्या तिकिटांतून आणि पार्किंगमधून येतं. जमीनभाडं शेवटी घरभाड्यात आणि मासिक देखभालीत शिरतं. म्हणजे पैसे आमचे, त्यांवर निर्णय नेमलेल्या मंडळाचा. याच देशाचा जन्म ज्या घोषणेतून झाला ती प्रतिनिधित्वाविना कर नको अशी होती, हे इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला शिकवतात.

ट्रामचं उदाहरण घ्या, कारण तिथे हा प्रश्न सगळ्यात उघडपणे दिसतो. १७ मे १९७६ रोजी सुरू झालेली ही तारेवरची ट्राम तात्पुरती होती. भुयारी रेल्वे बेटापर्यंत पोचेपर्यंत लोकांची सोय व्हावी, एवढाच तिचा हेतू. रेल्वे पोचली १९८९ च्या ऑक्टोबरात. तोपर्यंत ट्राम बेटाची ओळख झाली होती आणि लोकांनी ती सोडायला नकार दिला. दोन डबे, प्रत्येकात शंभरेक माणसं, क्वीन्सबरो पुलाच्या शेजारून अडीचशे फूट उंचीवर चारेक मिनिटांचा प्रवास, आणि तिकीट भुयारी रेल्वेइतकंच. १८ एप्रिल २००६ च्या संध्याकाळी वीज गेली आणि दोन्ही डबे नदीवर अडकले. प्रवाशांना उतरवता उतरवता पहाट झाली. त्यानंतर २०१० मध्ये ती काही महिने बंद ठेवून सगळी यंत्रणा नवी करण्यात आली.

आता इतक्या स्वस्तात असं दृश्य कुठे मिळणार? २०१२ मध्ये दक्षिण टोकाला लुई कान यांनी आखलेलं रुझवेल्ट स्मारक उद्यान उघडलं, फोनवरच्या फोटोंतून ट्राम जगभर पोचली, आणि एप्रिलमध्ये चेरी फुलली की मॅनहॅटनमधल्या सेकंड अव्हेन्यूच्या स्टेशनबाहेर रांग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाते. त्या रांगेत कोण असतं ते जवळून पाहायला हवं. इटलीहून आलेलं जोडपं, शाळेच्या सहलीची मुलं, आणि त्यांच्यामध्ये डायलिसिसहून परतणारे व्हीलचेअरवरचे आजोबा, मांडीवर औषधांची पिशवी. डबा येतो, भरतो, निघून जातो. आजोबा तिथेच. व्हीलचेअरला लागणारी जागा चार माणसांनी व्यापलेली असते. भुयारी रेल्वेनं जा म्हणावं, तर ते स्टेशन जमिनीखाली शंभर फूट खोल. लिफ्ट बंद असली तर तो मार्ग त्यांच्यासाठी नाहीच.

रहिवाशांना आधी चढू द्यावं, ही मागणी इथे वर्षानुवर्षं आहे. तिच्या विरोधात म्हणण्यासारखंही आहे: ट्राम सार्वजनिक आहे, पाहुण्यांच्या तिकिटांतून पैसे येतात, रहिवासी कोण हे दारात कसं तपासणार? माझं मत आजोबांच्या बाजूनं आहे. पण उद्या निवडून आलेलं मंडळ माझ्या मताविरुद्ध गेलं तर मी ते मान्य करीन, कारण पुढच्या निवडणुकीत तो प्रश्न मला पुन्हा काढता येईल. आज काय करता येतं? मंडळाच्या बैठकीला जाऊन मिनिटं मोजून बोलता येतं. समोरचे ऐकून घेतात, बहुतेक वेळा सौजन्यानं. ऐकून घेणं ही त्यांची मर्जी असते, बांधिलकी नसते. भुयारी रेल्वेच्या बाबतीत तर तेवढंही नाही. २०२३ च्या ऑगस्टअखेरपासून २०२४ च्या वसंतापर्यंत बोगद्यातल्या कामासाठी बेटावर थांबणारी एफ गाडी वळवली, तेव्हा बेटाला दर वीस मिनिटांनी एक शटल मिळत होती. रूळ बदलायला हवे होते, याबद्दल दुमत नव्हतं. पण त्या महिन्यांत रेल्वेशी बेटाच्या वतीनं बोलायला कोण? आमदार बोलले, नगरसेवक बोलले, स्वयंसेवक बोलले. गावाचा स्वतःचा, निवडून आलेला माणूस मात्र नव्हता.

लोकांनी प्रयत्नच केले नाहीत असं नाही. रहिवासी संघटना पहिल्या काही वर्षांतच उभी राहिली. तिचं मंडळ इमारतीइमारतींतून निवडलं जातं, पण त्याला कायदेशीर अधिकार काहीच नाहीत. शेजारीपाजारी मिळून कित्येक वर्षं एक छोटं वर्तमानपत्र चालवत होते. ते दारोदार टाकायचे आणि त्यात मंडळाच्या प्रत्येक ठरावाची चिरफाड असायची. या शतकाच्या पहिल्या दशकात तर रहिवाशांनी स्वतःच मतदान घेऊन संचालकपदासाठी नावं सुचवली आणि गव्हर्नरनी त्यांतली काही स्वीकारलीही. माझ्या दृष्टीनं हा बेटाच्या इतिहासातला फार मोलाचा प्रसंग आहे. निवडणूक घेता येते, लोक मत द्यायला येतात, चांगली माणसं उभी राहतात, हे सिद्ध झालं. पण कायद्यात ते न उतरल्यामुळे पुढच्या गव्हर्नरवर काही बंधन राहिलं नाही आणि प्रथा विरून गेली. २०२० मध्ये कॉर्पोरेशनच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पदावरून दूर केलं गेलं, त्यानंतर आणखी बदल झाले. प्रत्येक वेळी गावाचा कारभारी कोण हे गावाबाहेर ठरलं.

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतला एक मला मनापासून गंभीर वाटतो. बेट रहिवाशांच्या मालकीचं नाही, ते सगळ्या शहराचं आहे. उद्या कारभार स्थानिकांच्या हाती गेला तर ते दारं लावून घेतील. नवी घरं नकोत, गरीब नकोत, पाहुणे नकोत, असं म्हणतील. अमेरिकेतल्या किती तरी उपनगरांनी नेमकं हेच केलेलं आहे, त्यामुळे ही भीती हवेतली नाही. पण नेमलेल्या मंडळाच्या काळात काय झालं तेही पाहू. सुरुवातीच्या चार मोठ्या इमारती मिचेल-लामा या राज्याच्या योजनेखाली बांधल्या होत्या. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशी घरं देणं, हाच तिचा उद्देश. गेल्या वीसेक वर्षांत या इमारती एकामागून एक त्या योजनेतून बाहेर पडल्या. जुन्या भाडेकरूंना संरक्षण मिळालं, पण नव्यानं येणाऱ्या परिचारिकेला किंवा शिक्षकाला ती घरं पूर्वीच्या अटींवर मिळत नाहीत. दक्षिणेकडे खासगी विकसकांचे उंच मनोरे उभे राहिले. मेन स्ट्रीटवरची दुकानं २०११ मध्ये एका विकसक कंपनीकडे एकत्रित भाडेकरारानं सोपवली गेली. २०१३ अखेर गोल्डवॉटर इस्पितळ बंद झालं, तिथले दीर्घकालीन रुग्ण इतरत्र हलवले, आणि त्या जागेवर २०१७ मध्ये कॉर्नेल टेक या कॉर्नेल विद्यापीठाच्या तंत्रज्ञान-केंद्राचं आवार उघडलं. यातले काही निर्णय चांगले होते. कॉर्नेल टेकमुळे बेटाला नवी माणसं आणि नवा श्वास मिळाला असं मी म्हणेन. पण गरिबांचं आणि आजाऱ्यांचं रक्षण करण्यासाठी नेमलेलं मंडळच हवं, हा दावा या इतिहासापुढे टिकत नाही. परवडणाऱ्या घरांचं प्रमाण, उद्यानं सर्वांना खुली, अपंगांना अग्रहक्क, या अटी कायद्यात लिहून ठेवता येतात. कोणतंही निवडून आलेलं मंडळ त्यांच्या मर्यादेतच चालेल. निवडून येणं म्हणजे सार्वभौम होणं नव्हे.

बेट फार लहान आहे, हा दुसरा आक्षेप. याच न्यूयॉर्क राज्यात काहीशे वस्तीच्या गावांनाही निवडून आलेला महापौर आणि विश्वस्त आहेत. आपल्याकडे चाळीस फ्लॅटच्या सोसायटीतही कायद्यानं दर पाच वर्षांनी कमिटीची निवडणूक घ्यावी लागते, आणि टाकीच्या दुरुस्तीवरून सर्वसाधारण सभा रात्री अकरापर्यंत चालते. बारा हजार माणसं त्यापेक्षा कितीतरी जास्त. तज्ज्ञतेचा आक्षेप तर मला कधीच कळला नाही. ट्राम चालवायला कंत्राटदाराचे तंत्रज्ञ आहेत, ते तसेच राहतील.

आत्याला हे सगळं समजावताना मला तिच्याच शहराचा आधार घ्यावा लागला. सिडकोची स्थापना मार्च १९७० ची, म्हणजे न्यूयॉर्क शहरानं हे बेट राज्याला दिल्याच्या पुढच्याच वर्षीची. दोन्हीकडे कल्पना एकच होती. गच्च भरलेल्या शहराशेजारी सरकारी महामंडळानं जमीन ताब्यात घ्यावी, आखणी करावी, रस्ते-पाणी-घरं उभी करावीत आणि जमिनीच्या पैशातून खर्च भागवावा. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आणि ज्या वर्षी ऑल्बनीत रिऑकचा कायदा झाला, त्याच १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. महामंडळाला आपली चूक आतून उमगली नव्हती. ज्यांचं आयुष्य पणाला लागलं होतं त्यांनी बाहेरून ती दाखवून दिली.

त्यानंतर नवी मुंबईत जे झालं ते रुझवेल्ट आयलंडवर अजून व्हायचं आहे. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १९९५ मध्ये पहिली निवडणूक झाली. सिडको संपली नाही. जमिनीची मालकी, मोठे प्रकल्प तिच्याकडे राहिले. पण गल्लीतला दिवा, बाग, कचरा, पाणी यांसाठी ज्याच्या दारात जाता येईल असा माणूस प्रत्येक वॉर्डाला मिळाला. तो चांगला निघेलच असं नाही, वाईट निघाला तर पाच वर्षांनी बदलता येतो. बांधणारा वेगळा आणि चालवणारा वेगळा, ही वाटणी आपल्याकडे झाली. न्यूयॉर्कला ती पन्नास वर्षांत जमली नाही.

आपली राज्यघटना इथे आपल्या बाजूनं उभी आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. पालिकेची मुदत पाच वर्षं, त्यापुढे नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक, असं ती सांगते. तरीही तिच्यात एक पळवाट आहे. एखाद्या औद्योगिक क्षेत्रात कारखानाच नागरी सेवा पुरवत असेल तर तिथे पालिका नसली तरी चालेल, अशी सवलत घटनेनं ठेवली. जमशेदपूरला दशकानुदशकं निवडून आलेली महापालिका नाही, आणि तिथेही हेच सांगितलं जातं की पाणी चोवीस तास येतं, रस्ते उत्तम आहेत, मग अडलंय कुठे? हा युक्तिवाद मला रुझवेल्ट आयलंडवरही ऐकू येतो, जवळपास त्याच शब्दांत.

आणि आपण निवडणुकीची व्यवस्था असूनही काय केलं? नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, मुंबईची ७ मार्च २०२२ रोजी. आधी साथ, मग आरक्षणाचे आणि वॉर्ड रचनेचे खटले, असं होत होत दोन्ही शहरांत मतदान झालं १५ जानेवारी २०२६ रोजी. दरम्यान सगळा कारभार प्रशासकाकडे. मुंबईचा २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटींचा अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाच्या मताशिवाय मंजूर झाला. त्या वर्षांत आत्याशी फोनवर बोलणं व्हायचं. पाणी येत होतं, कचरा उचलला जात होता. "पण बाई, भांडायचं कुणाशी?" असं ती म्हणाली. बेटावर ज्याला तिनं बरा नगरसेवक म्हटलं होतं तो आमच्याकडे कधी नव्हताच, आणि तिच्याकडे होता तो गेला होता. तिला अस्वस्थ वाटत होतं. माझ्या बेटावर ती अस्वस्थताही उरलेली नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. इथली तरुण भाडेकरू कुटुंबं दोन-तीन वर्षांसाठी येतात. संयुक्त राष्ट्रांत नोकरी करणारी कित्येक माणसं तर मतदारच नसतात. त्यांना इथली व्यवस्था एखाद्या नीट चालवलेल्या संकुलासारखी वाटते, आणि आपण तिचे ग्राहक आहोत इतकंच पुरेसं वाटतं. ग्राहकाला सेवा आवडली नाही तर तो दुसरीकडे जातो. सत्तरच्या दशकात आलेल्या, आता ऐंशी ओलांडलेल्या आणि व्हीलचेअरवर असलेल्या माझ्या शेजारणीनं कुठे जायचं?

म्हणून मागणी काय असावी हे मी नेमकं लिहिते. राज्याच्या विधिमंडळानं १९८४ चा कायदा दुरुस्त करावा. रहिवाशांसाठी राखलेल्या जागा थेट मतदानानं, ठरलेल्या तारखेला, ठरावीक मुदतीसाठी भराव्यात. मतदानाचा हक्क बेटावर राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला असावा, भाडेकरू असो वा घरमालक. नागरिकत्व नसलेल्यांनाही सामील करून घेता येईल का याचा विचार व्हावा, कारण ट्रामच्या रांगेत तेही उभे असतात आणि जमीनभाडं त्यांच्याही भाड्यात असतं. राज्याच्या दोन अधिकाऱ्यांनी मंडळात राहावं, पण अध्यक्षपद निवडून आलेल्यांकडे जावं. महापौरांची एक जागा ठेवावी, कारण कचरा, पोलीस, शाळा या बाबतीत शहराशी रोजचा संबंध येतो. इथे तर मॅनहॅटनमध्ये मोडणाऱ्या बेटाचं पोलीस ठाणं नदीपलीकडे, क्वीन्समधल्या ॲस्टोरियात आहे. कोलर इस्पितळातल्या दीर्घकालीन रुग्णांनाही मतदान करता येईल अशी सोय व्हावी. त्यांच्यातले किती तरी जण आमच्यापेक्षा जास्त काळ या बेटाचे रहिवासी आहेत.

घाई कशाला, असं कुणी विचारेल. घाईचं कारण भाडेपट्ट्यात आहे. शहरानं राज्याला दिलेला ९९ वर्षांचा पट्टा २०६८ मध्ये संपतो. बेटावरच्या प्रत्येक इमारतीचा करार त्याच तारखेशी बांधलेला आहे. अमेरिकेत गृहकर्ज साधारण तीस वर्षांचं असतं. म्हणजे २०३८ नंतर इथे घर घेणाऱ्याचं कर्ज पट्ट्याच्या मुदतीबाहेर जाईल, आणि बँका त्याआधीच प्रश्न विचारू लागतील. सिडकोच्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याबद्दल वाशी-नेरूळच्या सोसायट्यांत ज्या चर्चा चालतात, त्या इथेही सुरू होतील. पट्टा वाढवायचा का, कोणत्या भाड्यावर, जुन्या रहिवाशांचं काय, परवडणारी घरं किती, की शहरानं बेट परत घेऊन स्वतः चालवायचं? त्या वाटाघाटीत एका बाजूला शहर असेल, दुसऱ्या बाजूला राज्य. तिसरी खुर्ची बेटाची असायला हवी, आणि तिच्यावर बसणाऱ्याला बारा हजार माणसांनी पाठवलेलं असायला हवं. निवडून आलेलं मंडळ एका रात्रीत शहाणं होत नाही. त्याला चुका करायला, हिशेब शिकायला, लोकांना सवय व्हायला दोन-तीन निवडणुका लागतात. २०३८ पूर्वी त्या व्हायच्या असतील तर पहिली याच दशकात घ्यावी लागेल.